कानाचा सीटी 'नॉर्मल' आला, तरी लेकीला ऐकू कमी येतं. मग सीटी केला कशाला?

कानामात्रा

नमस्कार मंडळी,

लेक नऊ वर्षांची आहे. उजवीकडून हाक मारली की ही भलतीकडेच बघते, असं वर्गातल्या बाईंनी सांगितलं, म्हणून कान तपासले. कान कधी वाहिला नाही, मार लागलेला नाही, पडदा स्वच्छ. ऑडिओग्राममध्ये उजवीकडे साधारण ५० डेसिबलचा कंडक्टिव्ह लॉस (आवाज आत पोचण्यातच अडथळा) निघाला. बोन कंडक्शन उत्तम, म्हणजे आतला कान आणि नस चांगली. डावा कान ठणठणीत.

सर्जन म्हणाले, मधल्या कानातली हाडं जन्मतःच नीट घडली नसावीत, कान उघडण्याआधी सीटी करून घेऊ. 'एचआरसीटी टेंपोरल बोन' (कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी) झाला. रिपोर्टचं सार असं की दोन्हीकडचे ऑसिकल्स (मधल्या कानातली हाडं) नॉर्मल, मधला कान हवेशीर, दोष दिसत नाही.

यावर सर्जन म्हणतात, "छान, आता उघडून बघायला हरकत नाही." हे गणितच मला कळेना. काही दिसलं असतं तर उघडायचं आणि काही दिसलं नाही तरीही उघडायचं, मग पोरीला किरणांखाली घातलं कशासाठी? सीटीत नसलेला दोष कान उघडल्यावर सापडेल कसा? ज्यांना अनुभव आहे किंवा जे या क्षेत्रातले आहेत त्यांनी कृपया लिहा.

उंटावरची शहाणी

वाचते आहे. आमच्या घरातही हाच घोळ चालू आहे.

खवचट काका

रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट तक्रारखोर, ही जोडी फार जुनी. काळजी नको ताई, इथे दहा जणांकडून बारा मतं मिळतील. (ह. घ्या.)

पडदानशीन

कानामात्राताई, मी कानाच्या शस्त्रक्रिया करतो. तुमच्या लेकीला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा.

पडदा चांगला, नस चांगली आणि तरी कंडक्टिव्ह लॉस, याचा अर्थ आवाज पडद्यापर्यंत येतो आणि आतल्या कानात शिरायच्या आधी अडतो. मधे हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी आहे. ती तुटलेली तरी असते किंवा जाम तरी. तुटलेली म्हणजे ऐरणीचा लांब दांडा अपुरा राहिलेला, नाहीतर रिकिबीची कमानच नाही. जाम म्हणजे रिकिबीचा तळ (आम्ही फुटप्लेट म्हणतो) ओव्हल विंडोच्या, म्हणजे आतल्या कानात शिरायच्या खिडकीच्या, कडेला हाडानं धरून ठेवलेला, किंवा हातोडीचं डोकं वरच्या भिंतीला चिकटलेलं.

सीटीला आकार दिसतो, हालचाल दिसत नाही. दाराचा फोटो बघून बिजागरी गंजलीय का हे सांगता येत नाही, तसंच. रिकिबीचा तळ जन्मतः जाम आहे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे, अशा मुलांचा सीटी नॉर्मल दिसणं हे आमच्यासाठी नेहमीचं आहे. त्यामुळे या रिपोर्टनं मूळ अंदाज खोटा ठरत नाही.

सीटीचा खरा उपयोग तुमच्या सर्जननी एका वाक्यात सांगितला आहे: "हरकत नाही." आत शिरल्यावर अंगावर येतील अशा गोष्टी तिथे नाहीत, हे त्यांना बघायचं होतं. मी तर म्हणेन की दोष शोधणं हे या सीटीचं दुय्यम काम आहे.

काळापांढरा

मी रेडिओलॉजिस्ट. डॉक्टरसाहेबांशी बरंचसं सहमत, पण शेवटच्या वाक्यावर भांडणार.

'दोष शोधणं दुय्यम' असं सर्जनच म्हणू लागले की रिपोर्ट लिहिणारेही मग दोन परिच्छेदांत उरकतात. ताई, तो 'नॉर्मल' कुणी आणि कसा ठरवला हे महत्त्वाचं आहे. हे काप आडवे घेतात आणि संगणकावर हव्या त्या पातळीत फिरवून बघतात. रिकीब नीट बघायची तर तिच्या स्वतःच्या पातळीत काप बनवावे लागतात. साध्या आडव्या-उभ्या कापांत तिच्या दोन पायांपैकी एक हमखास निसटतो. पुढचा पाय मागच्यापेक्षा नाजूक, त्यामुळे तो आधी हरवतो.

तुमच्या बाबतीत एक फायदा असा की डावा कान चांगला आहे, म्हणजे तुलनेचा नमुना त्याच स्कॅनमध्ये आहे. ऐरणीचा लांब दांडा रिकिबीला जिथे भेटतो तो सांधा, ओव्हल विंडोची रुंदी, हातोडीच्या डोक्यापासून भिंतीपर्यंत गेलेली एखादी हाडाची काडी, हे सगळं दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिलं तर बारीक फरक सापडतात. रिपोर्टचा कागद बाजूला ठेवा. सीडी घ्या आणि जो रोज टेंपोरल बोन वाचतो अशा माणसाला दाखवा.

त्रिज्या

मी इंजिनिअर, वैद्यकातलं काही कळत नाही. पण रिझोल्यूशनचा हिशेब कुतूहल म्हणून विचारतो. काप किती जाडीचा आणि हाड किती जाडीचं?

काळापांढरा

काप साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा. रिकिबीची एकूण उंची तीन मिलिमीटरच्या थोडी पुढे. तळ साधारण ३ बाय १.४ मिलिमीटर आणि त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास.

त्रिज्या

म्हणजे मोजपट्टीची सर्वात बारीक खूणच वस्तूच्या दुप्पट. मग दिसतं ते काय दिसतं?

काळापांढरा

दिसते ती सरासरी. एका ठोकळ्यात थोडं हाड आणि थोडी हवा आली की त्या ठोकळ्याला मधलीच करडी छटा मिळते. त्यामुळे बारीक पाय असूनही 'नाही' वाटतात आणि जाडसर श्लेष्मपटल कधीकधी हाडासारखं वाटतं. आणि फुटप्लेटच्या कडेचा जो लवचिक बंध जाम झालेला असतो, तो याहूनही बारीक. म्हणून सर्जनसाहेबांचा तो मुद्दा मला मान्यच आहे.

कोन बीम सीटीत ठोकळा आणखी लहान असतो, ०.१ ते ०.१५ मिलिमीटरपर्यंत जातो आणि किरणांचा डोसही बहुधा कमी. पण स्कॅन वीसेक सेकंद किंवा जास्त चालतो आणि मूल तेवढ्यात हललं की सगळं पुसट. नवीन फोटॉन काउंटिंग मशिनं ०.२ मिलिमीटरचे काप देतात. त्यात रिकिबीचे पाय खरोखर सुंदर दिसतात, पण अशी मशिनं अजून मोजक्याच ठिकाणी आहेत.

त्रिज्या

अवांतर: सीटी शोधणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्रावर १९७१ साली पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला तेव्हा चित्र ८० बाय ८० ठोकळ्यांचं होतं. त्यात अख्खी रिकीब एखाद-दोन चौकोनांत संपली असती. त्या मानानं आपण बरेच पुढे आलो म्हणायचं.

पानगळ

सगळं तंत्रज्ञान छान, पण मूळ पोस्टमधला किरणांचा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्कर गाळला. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा सीटी ही मामुली गोष्ट नाही. माझ्या मुलाच्या वेळी मी स्पष्ट नकार दिला होता.

गँट्रीवाला

पानगळताई, मी सीटीवर तंत्रज्ञ आहे. तुमचा सावधपणा योग्यच. मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात, म्हणून 'बघू तरी काय निघतं' असं म्हणून सीटी करू नये. तरी प्रमाण माहीत असावं. डोक्याच्या साध्या सीटीचा डोस साधारण २ मिलिसीव्हर्टच्या घरात असतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. कानाच्या सीटीत भाग छोटा असतो आणि मुलांसाठी सेटिंग कमी करतात. या कामासाठी शिरेतून डायही लागत नाही.

पूर्वी आडव्या कापांचा एक स्कॅन आणि मग मान मागे टाकून उभ्या कापांचा दुसरा, असे दोनदा किरण द्यावे लागत. मुलं वैतागून जायची. आता एकदाच काही सेकंदांत उरकतं आणि बाकीचे काप संगणक बनवतो. नऊ वर्षांच्या मुलाला भूल लागत नाही, आधी नीट समजावून सांगितलं की पुतळा होऊन पडतात. तान्ह्या बाळांना दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच स्कॅन करता येतो.

आमच्याकडून चूक होते ती स्कॅन पुन्हा करावा लागण्यात. पहिला स्कॅन जाड कापांचा झाला तर तो सर्जनच्या उपयोगाचा नसतो आणि डोस दुप्पट. तेव्हा 'डोक्याचा सीटी' नको, 'टेंपोरल बोनचा' हवा, हे चिठ्ठीवर लिहिलंय का ते खोलीत शिरायच्या आधी बघा.

पानगळ

आकडे दिल्याबद्दल धन्यवाद. तरी माझं मत तेच. शस्त्रक्रिया करायची हे नक्की नसेल तर सीटी नको.

पडदानशीन

यात माझं तुमच्याशी भांडण नाहीच. मीही शस्त्रक्रियेचा विचार टेबलावर आल्याशिवाय मागत नाही. अपवाद एक: कानाची नळी जन्मतः अरुंद असेल तर आत त्वचेचा थर साठून कोलेस्टिॲटोमा होऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. तिथे ऐकण्याची शस्त्रक्रिया नाही करायची म्हटलं तरी सीटी लागतो.

धाकटी पाती

आमचं प्रकरण वेगळं आहे पण जवळचंच. मुलाचा उजवा कान बाहेरून छोटा, नळी बंद, म्हणजे मायक्रोशिया आणि एट्रेशिया. सीटी काढल्यावर सर्जननी दहापैकी गुण दिले. कानाला मार्क मिळालेले मी पहिल्यांदाच पाहिले. आमच्या वाट्याला पाच आले आणि "नळी उघडण्याची शस्त्रक्रिया करू नका" असं त्यांनी सरळ सांगितलं. तेव्हा वाईट वाटलं होतं. मुलगा तान्हेपणापासून हाडातून ऐकवणारं यंत्र डोक्याच्या पट्टीवर लावतो आणि आता हाडात बसवायच्या यंत्राचा विचार चालू आहे. वर्गात मजेत आहे.

उंटावरची शहाणी

हे गुण कशाचे असतात? आमच्या भाच्याला आठ आलेत. आनंद मानायचा का?

पडदानशीन

ती यार्सडॉर्फर यांची पद्धत, १९९२ची. रिकीब असेल तर तिला एकटीला दोन गुण, बाकी प्रत्येक गोष्टीला एक: ओव्हल विंडो उघडी, मधल्या कानात पुरेशी जागा, चेहऱ्याची नस जागेवर, हातोडी-ऐरणीचा जोड, मॅस्टॉइडमध्ये (कानामागच्या हाडात) हवा, ऐरण आणि रिकीब जोडलेल्या, राउंड विंडो (आतल्या कानाची दुसरी खिडकी), आणि शेवटचा गुण बाहेरच्या कानाच्या घडणीला. म्हणजे दहातले नऊ गुण सीटी वाचूनच द्यायचे. आठ असतील तर ऐकणं चांगलं सुधारण्याची शक्यता साधारण ८० टक्के, अशी मूळ मांडणी होती. पाच किंवा त्याखाली असेल तर नळी उघडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आठ हा चांगला उमेदवार. पण उमेदवार चांगला म्हणजे निकाल हाती आला, असं नाही.

कानामात्राताईंच्या लेकीला हे गुण लागू नाहीत. तिची नळी आणि पडदा चांगला आहे.

नव्वद अंश

आठ गुणांवाला मी इथे हजर आहे. किशोरवयात नळी उघडली. सुरुवातीला मस्त ऐकू यायचं, मग नळी हळूहळू पुन्हा अरुंद होत गेली. आता ठरावीक काळानं साफ करून घ्यावी लागते. सीटीनं आतली हाडं दाखवली ती बरोबरच होती. पण त्वचा पुढे कशी वागेल हे कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही. गुणांवर भाळू नका.

मत्स्यावतार

अवांतर आहे, पण राहवत नाही. ही हाडं येतात कुठून ते सांगतो. गर्भात मानेशी कमानी तयार होतात. पहिल्या कमानीतून मुख्यतः हातोडीचं डोकं आणि ऐरणीचं धड घडतं. दुसरीतून ऐरणीचा लांब दांडा, हातोडीची मूठ आणि रिकिबीची कमान. रिकिबीच्या तळाचा काही भाग मात्र आतल्या कानाच्या हाडी कवचातून येतो. आतला कान स्वतः वेगळ्याच उगमातून, म्हणून मधला कान बिघडलेल्या बहुतेक मुलांची श्रवणाची नस चांगली असते.

चेहऱ्याची नस ही दुसऱ्या कमानीची. त्यामुळे रिकीब बिघडली की शेजारून जाणारी ही नसही वाट चुकण्याची शक्यता वाढते.

आणि उत्क्रांतीत मागे गेलात तर हातोडी आणि ऐरण म्हणजे सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. राइकर्टनं १८३७ साली भ्रूणांवरून हे जुळवलं.

खवचट काका

म्हणजे काही लोक कानानं चावतात ते उगाच नाही.

कानामात्रा

काका 😄

सगळे भरभरून लिहिताय, आभार. मत्स्यावतार, ती नस वाट चुकते म्हणजे नक्की काय? आमच्या सर्जननी "चेहऱ्याची नस ठीक आहे" असं दोनदा म्हटलं होतं. मला वाटलं, कानाचं चाललंय आणि हे चेहऱ्याचं काय काढतात.

पडदानशीन

ते वाक्य सगळ्यात मोलाचं होतं. ही नस मधल्या कानात ओव्हल विंडोच्या अगदी वरून, हाडाच्या बारीक नळीतून जाते. जन्मजात दोषात ती कधी उघडी असते, कधी खाली उतरून खिडकीवरच पडलेली असते, आणि कधी खिडकी झालेलीच नसते व तिच्या जागी नस असते. तसं असेल तर रिकिबीपर्यंत पोचायला जागाच नाही, आणि धक्का लागला तर अर्ध्या चेहऱ्याची हालचाल जाते. नळी बंद असलेल्या कानात ती मागच्या भागात पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकलेली असते, नेमकी ड्रिल चालते त्या वाटेवर. शस्त्रक्रियेत नसेचा मॉनिटर लावतात, पण ती कुठे आहे हे आधी माहीत असलेलं केव्हाही चांगलं. ही नस कापांवर मागोवा घेत बघता येते. हाडाचं कवच अगदी पातळ असेल तेव्हा ते आहे की नाही यावर मात्र सीटी फसतो.

चक्रीवादळ

मला जन्मजात काही नव्हतं, पण सीटी न करता कान उघडल्याचा अनुभव मांडतो.

तिशीत एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं. ऑडिओग्राम कंडक्टिव्ह, पडदा छान. रिकीब जाम झाली असणार, सीटीची गरज नाही, असं सांगून कान उघडला. रिकीब मजेत हलत होती. बंद करून परत पाठवलं. त्रास चालूच. वर स्वतःच्या पावलांचा धपधप आवाज आणि डोळे फिरवले की कानात खरखर, हे सांगितलं की लोक हसायचे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी केला. तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवर हाडाचं छप्परच नाही! मधल्या कानात काहीही बिघाड नव्हता. ती पहिली शस्त्रक्रिया टळली असती.

काळापांढरा

चक्रीवादळ, हे इथे लिहिलंत ते फार बरं झालं. मी वर भांडत होतो ते याचसाठी. हा आजार लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली पहिल्यांदा मांडला. आतल्या कानाला नेहमीच्या दोन खिडक्यांशिवाय तिसरी वाट फुटली की आवाजाची ताकद तिकडे गळते आणि ऑडिओग्राम हुबेहूब मधल्या कानाच्या दोषासारखा दिसतो. मुलांमध्ये हाच देखावा व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट (आतल्या कानातून निघणारी बारीक हाडी नळी) जन्मतः रुंद असला की उभा राहतो. ती नळी मध्यावर १.५ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंद दिसली की मी सर्जनला फोन करतो.

आणि सगळ्यात धोक्याचं प्रकरण मुलग्यांमध्ये दिसतं, एक्स गुणसूत्रावरच्या पीओयू३एफ४ या जनुकाच्या दोषातून. रिकीब जाम वाटते, पण आतल्या कानाच्या कॉक्लियाचा (ऐकण्याच्या शंखाचा) तळ आणि नसेचा बोगदा यांच्यामधलं हाडच नसतं. अशा कानात फुटप्लेटला भोक पाडलं की मेंदूभोवतीचं पाणी कारंज्यासारखं बाहेर येतं आणि उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. सीटीवर हे चित्र इतकं स्पष्ट असतं की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. फक्त बघायची आठवण हवी.

आता सांगा साहेब, दोष शोधणं दुय्यम?

पडदानशीन

ही सगळी 'आत शिरू नका' म्हणणारीच कारणं झाली की! माझं वाक्य तुम्हीच सिद्ध केलंत. 🙂

थोडं गंभीरपणे: दोष मुख्य की धोका मुख्य, यात फार अर्थ नाही. पण पालकांना तरी धोक्याच्या बाजूनं समजावलं तर कमी गोंधळ होतो. आणि सीटीच्या आधी एक साधी चाचणी विसरू नका, अकौस्टिक रिफ्लेक्स. कानात मोठा आवाज दिला की रिकिबीचा स्नायू आखडतो. रिकीब खरंच जाम असेल तर त्या कानात तो उमटत नाही. चक्रीवादळ यांच्यासारख्या प्रकरणात ऑडिओग्राम वाईट असूनही रिफ्लेक्स उमटतो. तिथेच शंका यायला हवी होती.

चक्रीवादळ

ती चाचणी झाली होती. रिफ्लेक्स उमटला होता. कागदावर लिहिलेलं आहे, कुणी वाचलं नाही.

पिंपळपार

माझ्या पुतण्याची गोष्ट. पाच वर्षांचा, पडदा स्वच्छ, एका कानात कंडक्टिव्ह लॉस. इथल्यासारखंच 'हाडांचा जन्मजात दोष' म्हणून सीटी केला, तर अखंड पडद्याच्या मागे जन्मजात कोलेस्टिॲटोमाचा गोळा आणि त्यानं ऐरणीचा दांडा खाल्लेला. तिथे थांबणं परवडलं नसतं. पानगळताईंचा मुद्दा पटतो, पण ही बाजूही लक्षात असावी.

पानगळ

हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांशी बोलून पुन्हा विचार करते.

कानामात्रा

एक ताजी बातमी. काळापांढरा यांचं ऐकून सीडी कान वाचणाऱ्या एका रेडिओलॉजिस्टना दाखवली. त्यांनी काप फिरवून बघितले. ओव्हल विंडो आणि राउंड विंडो दोन्ही चांगल्या, चेहऱ्याची नस जागेवर, बोगदा आणि ॲक्विडक्ट नॉर्मल, रक्तवाहिन्या ठीक. पण ऐरणीच्या लांब दांड्याचं टोक डाव्या बाजूपेक्षा आखूड आणि पुसट दिसतं, रिकिबीशी त्याची भेट नीट दिसत नाही. रिकीब आहे, पण पायांबद्दल ठाम सांगता येत नाही म्हणाले. जुनी कागदपत्रं काढली: टिंपॅनोग्राम (पडदा किती हलतो ते मोजणारी चाचणी) 'ए' प्रकारचा, म्हणजे नॉर्मल, रिफ्लेक्स उजवीकडे नाही. ऑडिओग्राम दर सहा महिन्यांनी केले आहेत, आकडा हललेला नाही.

म्हणजे आता साखळी तुटलेली असण्याची शक्यता जास्त, असं मी समजू का?

काळापांढरा

बघा! 'नॉर्मल' वाचनात हे वगळलं गेलं होतं.

पडदानशीन

मान्य, हा गुण तुमचा.

ताई, शक्यता त्या बाजूला झुकते, इतकंच म्हणेन. सांधा नसून तिथे धाग्यासारखा तंतू असतो, असंही पुष्कळदा निघतं. आणि तुटलेल्या साखळीच्या पुढे तळही जाम असू शकतो, ते उघडून, रिकीब सुईनं हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. ट्यूनिसेन आणि क्रेमर्स यांनी १९९३ साली असे कान चार गटांत मांडले. एकटा तळ जाम, तळ जाम आणि शिवाय साखळीत दोष, साखळीत दोष पण तळ मोकळा, आणि चौथा म्हणजे खिडकीच नाही. तिसरा गट असेल तर तुटलेला भाग छोट्या प्रोस्थेसिसनं जोडायचा, आतला कान उघडावा लागत नाही, म्हणून जोखीम कमी. पहिल्या-दुसऱ्या गटात तळाला भोक पाडून पिस्टन बसवावा लागतो, तिथे अनुभवी हातच हवा. चौथ्यात बहुतेक जण माघार घेतात. तुमच्या लेकीच्या खिडक्या चांगल्या आहेत म्हणजे चौथा गट मोडीत निघाला, आणि हे तुम्हाला सीटीनंच दिलं.

घाई नाही. तुम्ही सांगता तसा आकडा स्थिर असेल आणि दुसरा कान चांगला असेल तर थांबता येतं. पुष्कळ सर्जन मुलाला सर्दी-खोकल्याचे वारंवार झटके यायचे थांबेपर्यंत मुद्दाम वाट बघतात. तळ जाम निघाला तर त्याच दिवशी पुढे जायचं, की बंद करून परत यायचं, हे आधीच बोलून ठेवा.

एकपाखी

न केलेल्या शस्त्रक्रियेच्या वतीनं बोलतो. मला जन्मापासून एकच कान. दुसऱ्यात ऐरण अर्धवट, सीटीत स्पष्ट दिसते. मी कान उघडला नाही. आवाज कुठून आला ते कळत नाही, गोंगाटात चुकीच्या बाजूला बसलो की संभाषण संपलं. पण नोकरी, संसार, गाणं शिकणं, सगळं झालं. अलीकडे त्या कानात साधं यंत्र लावतो. नस चांगली असल्यानं आवाज स्वच्छ येतो. हा तिसरा पर्याय डॉक्टर सांगतात, पण शेवटच्या मिनिटाला.

नव्वद अंश

+१. शस्त्रक्रिया आणि काहीच नाही, असे दोनच पर्याय कुणी मांडले की उठून निघा.

नवा सदस्य ७७

मध्येच विचारतो, माफ करा. बाळ दोन महिन्यांचं आहे, एका बाजूची कानाची नळी बंद आहे. घरचे म्हणतात लगेच सीटी करून घ्या. करू का?

पडदानशीन

अभिनंदन आणि आता थोडा धीर. आत्ता सीटी नको. पहिली गरज ऐकणं मोजण्याची: बेरा चाचणी (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) दोन्ही कानांची, हवेतून आणि हाडातून. चांगल्या बाजूचा कान खरोखर चांगला आहे ना, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन्हीकडे कमी ऐकू येत असेल तर पट्टीवरचं यंत्र पहिल्या काही महिन्यांतच लावा. सीटी शस्त्रक्रियेचा विचार होईल तेव्हा, साधारण पाच वर्षांच्या आसपास. तोवर हाडं आणि मॅस्टॉइडही वाढलेलं असतं, चित्र जास्त उपयोगाचं निघतं. चेहऱ्याची एक बाजू हलत नसेल, किंवा सूज, स्राव दिसला तर मात्र लगेच दाखवा. बाळाच्या बाहेरच्या कानाव्यतिरिक्त जबडा, डोळे, मान, मूत्रपिंड हेही बालरोगतज्ज्ञांकडून एकदा बघून घ्या, काही सिंड्रोममध्ये हे सगळं एकत्र येतं.

धाकटी पाती

नवा सदस्य, व्यनि केला आहे. आमच्याकडची लहान बाळांसाठीची पट्टी वापरण्याची टिपणं पाठवतो.

कानामात्रा

आम्ही ठरवलंय. आधी यंत्राची चाचणी, लेकीला आवडतंय का ते बघायचं. परीक्षेनंतर सर्जनशी पुन्हा बोलणं. 'तळ जाम निघाला तर काय' हा प्रश्न वहीत वर लिहिलाय. तिलाही विचारलं. ती म्हणाली, कान उघडतात म्हणजे झाकण असतं का?

खवचट काका

पोरगी माझ्या वळणावर जाणार.

गँट्रीवाला

जाता जाता: सीडीची एक प्रत आजच काढून ठेवा आणि पातळ कापांचा संपूर्ण डेटा तिच्यात आहे का ते सेंटरला विचारा. पुष्कळदा फक्त निवडक चित्रं भरून देतात आणि काही काळानं मूळ डेटा पुसला जातो. मग दुसरं मत घ्यायचं तर स्कॅन पुन्हा.